पिशवीच्या फेऱ्या आणि गाडीच्या फेऱ्या

पर्यावरण रक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वृक्षारोपणाचा समारंभ उभा राहतो. वर्षातून एकदा खड्डा खणला जातो, रोप लावले जाते आणि छायाचित्र घेतले जाते. मात्र गावातील प्रत्येक कुटुंब आठवड्यातून दोनचार वेळा जी दोन कामे हमखास करते, त्यांचा विचार या संदर्भात क्वचितच होतो. ही कामे म्हणजे बाजारास जाणे आणि बाजारातून सामान आणणे. प्रस्तुत लेखात या दोन कामांचा थोडा हिशेब मांडला आहे. उदाहरणासाठी बार्देश तालुक्यातील म्हापशाचा शुक्रवारचा बाजार घेतला आहे. वाचकांनी त्या जागी आपापल्या गावचा आठवड्याचा बाजार कल्पिण्यास हरकत नाही. आकडे थोडे बदलतील, रीत तीच राहील.

म्हापशाच्या बाजारात आजही लक्षपूर्वक फिरल्यास एक गोष्ट आढळून येते. खेड्यातून आलेली बाई तांबड्या भाजीची जुडी केळीच्या सोपटाने बांधते. अबोलीच्या फात्या पानात गुंडाळून मिळतात. मयड्याची केळी घडासकट टांगलेली असतात आणि हरमलच्या मिरच्या उघड्या ढिगातून मापून दिल्या जातात. या मालाला वेष्टन असे नाहीच, आणि जे आहे ते गुरांपुढे टाकले तरी चालते. परंतु हाच माल घेऊन गिऱ्हाईक बाजाराबाहेर पडते तेव्हा त्याच्या हातात चारपाच प्लास्टिकच्या पिशव्या लोंबकळत असतात. भाजीवाली पिशवी देते, कारण गिऱ्हाईक ती मागते. आणि गिऱ्हाईक मागते, कारण ते हात हलवीत बाजारास आलेले असते. दुचाकी दाराशी उभी असली की वाटेत आठवण झाली तरी बाजाराकडे वळता येते, आणि आठवण झाली तेव्हा पिशवी घरी खुंटीवर असते. वाहन आणि पिशवी यांचा संबंध येथून सुरू होतो.

मायक्रॉनचा अर्थ

प्लास्टिकच्या पिशव्यांसंबंधीचे नियम वाचताना ‘मायक्रॉन’ हा शब्द वारंवार येतो व पुष्कळांस तो कोड्यासारखा वाटतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १९९९ च्या केंद्रीय नियमांनी पिशवीची किमान जाडी २० मायक्रॉन ठरविली. २०११ मध्ये ती ४० आणि २०१६ मध्ये ५० करण्यात आली. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ३० सप्टेंबर २०२१ पासून ती ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली.

जाड पिशवीत प्लास्टिक अधिक असते. मग शासन जाडी वाढवीत का गेले, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. ३० सेंटिमीटर रुंद व ४० सेंटिमीटर उंच अशी पिशवी घेतली आणि ती २० मायक्रॉनची असली, तर तिचे वजन साडेचार ग्रॅमांच्या आसपास भरते. अशा सुमारे सव्वादोनशे पिशव्या गोळा कराव्या तेव्हा कोठे एक किलो प्लास्टिक जमते. कचरा वेचणाऱ्याने चिखलात माखलेल्या सव्वादोनशे पिशव्या उचलाव्या, धुवाव्या, वाळवाव्या आणि भंगारवाल्याकडून हाती पडावयाचे चार पैसे! ती पिशवी कोणी उचलत नाही यात नवल नाही. त्याच मापाची १२० मायक्रॉनची पिशवी सत्तावीस ग्रॅमांच्या घरात जाते. किलोला सदतीसच पुरतात. शिवाय तिची किंमत इतकी होते की दुकानदार ती फुकट देण्यास धजत नाही. फुकट मिळणे थांबावे हाच या नियमामागील मुख्य हेतू होय.

जाडीच्या नियमाखेरीज १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकावयाच्या कित्येक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली आहे. ताटल्या, पेले, चमचे, काटे, सुऱ्या, शीतपेयाच्या नळ्या, फुगे व झेंडे यांच्या प्लास्टिकच्या काड्या, सजावटीचे थर्माकोल, मिठाईच्या खोक्यांवरील व निमंत्रणपत्रिकांवरील पातळ आवरण, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ असे पीव्हीसीचे फलक, या सर्वांचा त्यात समावेश होतो. काही राज्ये याही आधी पुढे गेली होती. कर्नाटकाने मार्च २०१६ मध्ये आणि महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये आपापले कडक आदेश काढले. बेळगाव वा सावंतवाडीहून गोव्यात आणि गोव्याहून तिकडे बाजारहाटासाठी ये-जा करणाऱ्यांनी तेथील नियम ठाऊक करून घेणे इष्ट ठरेल.

मानशीचे दार

नियम असूनही ज्या पिशव्या उघड्यावर पडतात त्या जातात कोठे, हे पाहण्यासाठी शहरात जावयास नको. गोव्यातील वाचकांनी खाजण शेतीचा विचार करावा. मांडवी, झुवारी व त्यांच्या उपनद्यांच्या काठी भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर असलेली शेते आपल्या पूर्वजांनी बांध घालून राखली आहेत. या बांधांत मानस असते. ओहोटीच्या वेळी आतले पाणी तिची लाकडी दारे बाहेर लोटते आणि शेतातील जादा पाणी निघून जाते. भरती चढू लागली की बाहेरचे पाणी तीच दारे आत लोटून घट्ट बंद करते. यंत्र नाही, वीज नाही, चोवीस तास पहारा नाही. केवळ पाण्याच्या दाबावर चालणारी ही योजना आजच्या अभियंत्यांनीही कौतुक करावे अशी आहे.

मात्र या योजनेची एक अट आहे. दार चौकटीत घट्ट बसले पाहिजे. पहिल्या पावसात गावचे ओहोळ जे काही वाहून आणतात त्यात पूर्वी पालापाचोळा व काटक्या असत, त्या कुजत. आता त्यात पिशव्या, बाटल्या, पुड्या असतात. हा गोळा दाराच्या फटीत अडकला म्हणजे भरतीला दार पुरते मिटत नाही आणि खारे पाणी आत शिरू लागते. कोरगुटासारखे भात थोडा खारेपणा सोसते. इतर वाण सोसत नाहीत. एकदा जमिनीत मीठ मुरले की ते धुऊन जाण्यास पावसाळे खर्ची पडतात. बाजारातून टोमॅटो ज्या पिशवीतून आले ती पिशवी अर्धा तास उपयोगी पडली. तिने बिघडविलेल्या शेताचा भरणा मात्र ज्याने टोमॅटो खाल्ले त्याला करावा लागत नाही, तो कुळाला करावा लागतो.

प्लास्टिक जाळून टाकावे, म्हणजे प्रश्न मिटेल, असे मानणारेही आढळतात. परसात पेटविलेल्या कचऱ्यात पीव्हीसीसारखी क्लोरीनयुक्त वस्तू असली तर त्या धुरात डायऑक्सिन या वर्गातील अत्यंत विषारी द्रव्ये निर्माण होऊ शकतात. चुलीजवळ बसणारी म्हातारी माणसे व मुले तो धूर प्रथम घेतात. हा उपाय नव्हे.

कोणती पिशवी?

येथे एका गैरसमजाकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. कापडी पिशवी म्हणजे आपोआप पर्यावरणाचे हित, असे समजून सभा-संमेलनांतून नव्या कोऱ्या पिशव्यांचे वाटप करण्याची प्रथा पडली आहे. कापूस काही आकाशातून पडत नाही. त्यास पाणी, खत, औषधे लागतात. सूत काढणे, विणणे, रंगविणे यांस ऊर्जा लागते. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, हवामानावरील परिणामापुरते पाहिले तर एकदाच वापरून टाकलेल्या साध्या प्लास्टिक पिशवीशी बरोबरी करण्यास सुती पिशवी १३१ वेळा वापरली गेली पाहिजे. डेन्मार्कच्या शासकीय अभ्यासात (२०१८) हीच संख्या ५२ आली. आणि पाणी, खते इत्यादी सर्व परिणाम धरले तर ती सुमारे ७,१०० पर्यंत गेली. दोन्ही देशांतील पिशव्या व त्यांचे वजन निराळे असल्याने आकड्यांत फरक पडतो. त्यातून डेन्मार्कच्या हिशेबात उघड्यावर पडून नाल्यांत व समुद्रात जाणाऱ्या कचऱ्याची गणना केलेली नाही. आपल्याकडे तर मुख्य दुखणे तेच आहे. तरीदेखील या अभ्यासांनी एक गोष्ट ठसठशीतपणे पुढे आणली. पिशवीचे मोल ती कशाची आहे यावर जितके, त्याहून अधिक ती किती फेऱ्या करते यावर अवलंबून असते.

शुक्रवारच्या बाजाराच्या भाषेत सांगावयाचे तर ५२ फेऱ्या म्हणजे एक वर्ष, आणि १३१ फेऱ्या म्हणजे अडीच वर्षे. नवी सुती पिशवी घेतली असल्यास ती अडीच वर्षे दर शुक्रवारी न चुकता बाजारास गेली पाहिजे. घरात अशा दहा पिशव्या साठल्या असतील, तर प्रत्येकीची पाळी दहा आठवड्यांनी येणार आणि हिशेब पुरा होण्यास पंचवीस वर्षे लागणार! याउलट जुन्या लुगड्याची किंवा विटलेल्या विजारीची घरी शिवलेली पिशवी पहिल्याच फेरीपासून नफ्यात असते, कारण तिच्यासाठी नवा कापूस पिकवावा लागलेला नाही. आपल्या आज्या हेच करीत. फक्त त्यास त्यांनी कोणते मोठे नाव दिले नव्हते.

कापडासारख्या दिसणाऱ्या, रंगीत व स्वस्त अशा ज्या पिशव्या आता सर्वत्र मिळतात, त्यांतील बहुतेक कापडाच्या नसतात. पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकचे तंतू उष्णतेने एकमेकांस चिकटवून त्या बनविलेल्या असतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. पिशवीच्या कडेचा एक धागा ओढून पाहावा. विणलेल्या कापडातून धागा सरळ निघतो. या पिशवीतून धागा निघतच नाही, तिचा कापसासारखा पुंजका तुटून येतो. तिची राख होत नाही, ती वितळते. अशा पिशव्यांनाही नियमांनी वजनाची किमान मर्यादा घालून दिली आहे, ती दर चौरस मीटरला ६० ग्रॅम. जी घरात आली आहे ती फाटेपर्यंत वापरावी. कापडी समजून नवी घेऊ नये. तसेच चहाच्या कागदी पेल्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, हेही पुष्कळांस ठाऊक नसते.

मासळीचा प्रश्न वेगळा आहे, कारण ती कापडी पिशवीत घेता येत नाही. झाकणाचा डबा बरोबर नेणे हाच त्यावर उपाय. डबा नेणाऱ्या गिऱ्हाइकाकडे प्रथम मासळीवाली जरा चमत्कारिक नजरेने पाहते. तिसऱ्या खेपेस तीच डबा मागून घेते. प्रवासात पाण्यासाठी फिरकीचा तांब्या नेण्याची जुनी पद्धत होती. त्याची जागा स्टीलच्या बाटलीने घेतली तरी काम तेच होते.

बेगमी

गोव्यात पावसाळ्यापूर्वी घरात सामान भरून ठेवण्याची रीत आहे, तिला पुरमेंत म्हणतात. इतरत्र मराठीत तिला बेगमी हा चांगला शब्द आहे. मे महिन्यात मिरच्या, चिंच, सोले, मीठ, कांद्यांच्या माळा, सुके बांगडे व सुंगटे यांची एकदम खरेदी होते. शेजारची दोनचार घरे मिळून टेंपो ठरवितात. माल गोणीतून येतो, बरणीत किंवा डब्यात भरला जातो, आणि गोणी पुढे वर्षभर नारळ ठेवण्यापासून दाराशी पाय पुसण्यापर्यंत उपयोगी पडते. एका खरेदीने वेष्टने आणि फेऱ्या दोन्ही वाचतात. पंचवीस किलोंची एक गोणी आणि एकेक किलोच्या पंचवीस पुड्या यांत तांदूळ तेवढाच आहे, कचरा मात्र पंचवीसपट नगांनी वाढतो.

लहान पुड्यांचा तोटा दुहेरी आहे. शांपू, सुपारी, तळलेल्या चकत्या यांच्या पुडीत प्लास्टिक व ॲल्युमिनियम यांचे पापुद्रे एकमेकांस घट्ट चिकटविलेले असतात. ते वेगळे करणे फारसे शक्य नसल्याने भंगारात त्यांना कोणी हात लावीत नाही. तथापि हातावर पोट असलेल्या मजुराने एक रुपयाची पुडी घेतली म्हणून त्यास दोष देणे अन्यायाचे होईल. महिन्याचे सामान एकदम घेण्याइतका पैसा त्याच्या हाती एकदम येत नसतो. गावचा दुकानदार तेल, साबणाची पूड, डाळ हा माल सुटा मापून देऊ लागला तर हा प्रश्न बराचसा सुटेल. येथे ग्रामपंचायत व महिला मंडळ यांना काम आहे. मंडळाने वा देवस्थानाने ताटे-पेल्यांचा एक संच विकत घेऊन लग्नकार्यास अल्प भाड्याने दिल्यास प्लास्टिकच्या ताटल्यांची गरज मुळातच उरत नाही. केळीचे पान व पोफळीच्या गळून पडलेल्या पानांच्या दाबून केलेल्या ताटल्या आहेतच. आणि शासकीय कचेऱ्यांनी स्वतःच्या सभांत पाण्याच्या लहान लहान बाटल्यांची रांग मांडणे थांबविले, तर पर्यावरण दिनाच्या भाषणास थोडे वजन येईल.

गाडीत किती माणसे?

आता वाहनाकडे वळू. गोव्यातील नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्या बरोबरीस येऊन ठेपली आहे; २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती.

एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आतबाहेर असते. पण ते जळाल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाऊण किलोतून सव्वादोन किलो कसे निघाले, हा प्रश्न शिक्षकांनी वर्गात अवश्य विचारावा. पेट्रोलमधील कार्बन हवेतील ऑक्सिजन आपल्याकडे ओढून घेतो. कार्बनचे १२ भाग ऑक्सिजनच्या ३२ भागांशी मिळून ४४ भाग होतात. जादा वजन हवेतून येते. एक लिटर डिझेलपासून हाच वायू सुमारे २.७ किलो निघतो. सध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते व त्यामुळे आकडा किंचित बदलतो, परंतु ठोकळ हिशेबास २.३ धरणे पुरेसे आहे.

म्हापशापासून दहा किलोमीटरवरचे एखादे गाव धरू. जाऊन-येऊन वीस किलोमीटर झाले. लिटरला ४५ किलोमीटर जाणाऱ्या स्कूटरवरून एकटा गेला तर सुमारे एक किलो वायू. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या मोटारीतून एकटा गेला तर तीन किलोंहून थोडा अधिक. त्याच मोटारीत चौघे बसले तर माणशी पाऊण किलो, म्हणजे एकट्या स्कूटरस्वारापेक्षाही कमी. लिटरला चार किलोमीटर जाणारी बस या फेरीत पाच लिटर डिझेल जाळते, म्हणजे साडेतेरा किलो वायू. तीत चाळीस माणसे असली तर माणशी एक किलोचा तिसरा हिस्सा. पण आठच असली तर माणशी सुमारे पावणेदोन किलो! रिकामी बस स्कूटरपेक्षा महाग पडते. तेराचौदा प्रवासी चढले की ती स्कूटरच्या बरोबरीस येते आणि पुढे प्रत्येक प्रवाशागणिक तिची बाजू सरस होत जाते.

या हिशेबातून ‘बस चांगली, स्कूटर वाईट’ असा अर्थ काढणे चुकीचे होईल. पिशवीप्रमाणेच येथेही वस्तूपेक्षा तिचा वापर महत्त्वाचा आहे. विजेवरची स्कूटर घेतल्याने हा भार सुमारे निम्मा होतो, कारण देशातील बरीचशी वीज अजून कोळशावर निघते. पण चांगली चालणारी गाडी मोडीत काढून नवी घेणे आणि ती एकट्यानेच रोज चारदा बाजारास पिटाळणे यात लाभ थोडा. बस मात्र वेळापत्रकाप्रमाणे सुटणारच असते. आपण तीत बसल्याने तिचे डिझेल जाणवण्याइतके वाढत नाही. त्या दिवशी आपल्या नावावर जवळजवळ काहीच खर्च पडत नाही.

याहून महत्त्वाची बाब पुढची आहे. १९८० मध्ये कदंब परिवहन महामंडळ स्थापन झाले, खाजगी बसही गावोगाव धावू लागल्या. मग घरोघर दुचाकी आली. दुपारची फेरी रिकामी जाऊ लागली, परवडेनाशी झाली, बंद पडली. ती बंद पडल्यावर उरलेल्या चारजणांनीही दुचाकी घेतली आणि सायंकाळची फेरी रिकामी होऊ लागली. हे चक्र कोठे थांबते? ज्याला दुचाकी घेता येत नाही किंवा चालविता येत नाही त्याच्यापाशी. रक्तदाबाची औषधे आणावयास इस्पितळात जाणारी म्हातारी, उच्च माध्यमिक विद्यालयात शिकणारी मुलगी, डोकीवर पाटी घेऊन निघणारी मासळीवाली, घरकाम आटोपून परतणारी मोलकरीण यांना बस हाच पर्याय असतो. संध्याकाळची बस गेली तर मुलीचे शिक्षण अकरावीत अडते, अशी उदाहरणे शिक्षकांना शोधावी लागणार नाहीत. जो आठवड्यातून एक दिवस स्कूटर घरी ठेवून बसने जातो, तो आपल्या तिकिटाने ती फेरी जिवंत ठेवतो.

बस थांब्यापासून घर दोन किलोमीटर आत असते, ही अडचण खरी आहे. तेथे पिवळ्या मडगार्डचा मोटारसायकल पायलट ही गोव्याची सोय उपयोगी पडते. नदी ओलांडावयाची असल्यास फेरीबोट आहे. एका मोटारीस लागणाऱ्या जागेत पायी प्रवासी कितीतरी मावतात. रायबंदर-चोडणसारख्या धक्क्यावर गाड्यांच्या रांगेत ज्यांनी वेळ काढला आहे त्यांना हे अधिक सांगावयास नको. लांबच्या प्रवासास रेल्वे आहे. १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झालेला कोकण रेल्वेचा मार्ग २०२२ मध्ये संपूर्ण विद्युतीकृत झाला.

शाळांसाठी प्रात्यक्षिक

इयत्ता सातवी ते नववीच्या विद्यार्थ्यांकडून पुढील काम चार आठवडे करून घेता येईल. प्रत्येकाने घरातील एका पिशवीवर कडेला रंगीत दोऱ्याने खूण करावी व ती बाजारास गेली की दरवेळी एक टाका घालावा. चार आठवड्यांनी टाके मोजावे. दुसरे काम गटाने करावयाचे. गावच्या बस थांब्यावर, शिक्षकांच्या उपस्थितीत, आठवड्यातील तीन दिवस येणाऱ्या प्रत्येक बसची वेळ, चढलेले व उतरलेले प्रवासी आणि बसमध्ये अंदाजे किती जण होते हे वहीत उतरवावे. जी बस वेळापत्रकात आहे पण आली नाही, तिची नोंद निराळ्या रकान्यात करावी. त्याच तासात थांब्यावरून एकट्या स्वाराच्या किती दुचाकी गेल्या याचाही आकडा घ्यावा. तक्ता पूर्ण झाल्यावर त्याची एक प्रत शाळेत ठेवावी, एक ग्रामपंचायतीस द्यावी आणि एक मुख्याध्यापकांच्या पत्रासह जवळच्या बसस्थानकाच्या प्रमुखांकडे पाठवावी. कोणती फेरी कोणत्या वेळी हवी, याची मागणी करताना हा तक्ता जोडलेला असला म्हणजे अधिकाऱ्यास निर्णय घेणे सोयीचे जाते. पावसाळ्यात थांब्यावर उभे राहणे कठीण असल्याने हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात घ्यावे.